सायकल घेतली, पण जुळवली का?

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या मुहूर्तावर आमच्या घरी नवी सायकल आली. साधी नव्हे, माउंटन बाइक! जाड टायर, सरळ हँडल, पुढे धक्के गिळणारा फोर्क, मागच्या चाकाला नऊ दातेरी चकत्या आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. सौ.नी हळदकुंकू वाहिले, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फुटला. गल्लीतल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न किमतीचा होता आणि ती ऐकल्यावर प्रत्येकाचा अभिप्रायही एकच, "एवढ्यात जुनी मोटारसायकल आली असती की, सर!" साठीला टेकलेल्या निवृत्त मास्तराने असला उद्योग का करावा, हे कोणाला कळेना. खरे सांगायचे तर मलाही ते नीटसे सांगता येत नव्हते. धाराशिवच्या भोवती बालाघाटचे डोंगर जन्मभर पाहिले; त्यांच्या वाटा एकदा आपल्या पायांनी, पण जरा वेगाने पालथ्या घालाव्यात, एवढीच काय ती हौस.

दुसऱ्याच दिवशी पहाटे सायकल घेऊन हातलाई देवीच्या डोंगराकडे निघालो. डांबरी रस्ता होता तोवर राजासारखा होतो. मुरमाची वाट लागली आणि सगळे ग्रह एकदम फिरले. चढावर गिअर कडाकड उडू लागले. दगडावरून चाक गेले की रबरी चेंडूसारखी सायकल उसळे. दहा मिनिटांत दोन्ही तळहात बधिर झाले, कंबर बोलू लागली आणि ब्रेक तर असा किंचाळला की कडेच्या बोरीवरची पाखरे उडाली. मी उतरून सायकल ढकलू लागलो. तेवढ्यात समोरून एक दूधवाला आला. काळी, जुनी, दांडीची सायकल, मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. माझ्याकडे पाहून तो थांबला आणि मनापासून विचारता झाला, "चेन पडली का?" चेन पडली नव्हती, पण पडली असती तर बरे झाले असते. निदान सांगायला कारण तरी मिळाले असते.

घरी आल्यावर निकाल तयारच होता : परत करून टाका! मीही त्याच मताचा होतो. आज मात्र सहा-सात महिन्यांनी मला असे वाटते की, त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी जी चूक केली ती एका सायकलीपुरती नव्हती. वस्तूचे पैसे मोजले म्हणजे ती आपली झाली, आणि पहिल्या दिवशी नीट चालली नाही म्हणजे ती वाईट, असे आपण धरून चालतो. या दोन्हींच्या मध्ये एक काम असते, जुळवणीचे. ते काम करायला आपण विसरत चाललो आहोत आणि मुलांना शिकवायलाही.

शिवून आलेला कपडा

आमच्या भागात पत्र्याच्या टपरीत चाळीस वर्षे सायकली दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. मी सायकल त्यांच्यापुढे उभी केली आणि तक्रारींचा पाढा वाचला. त्यांनी मागचे चाक उचलून पायडल फिरवले, टायर अंगठ्याने दाबला, मला सायकलीवर बसायला लावून माझ्या गुडघ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सर, सायकल नवी आहे म्हणजे तयार आहे असं नाही. कपडा शिवून आलाय, अजून अंगाला बसायचाय."

मग त्यांनी एक अट घातली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, त्याच वाटेने पुन्हा जायचे, काय फरक पडला ते सांगायचे आणि मगच दुसऱ्या स्क्रूला हात लावायचा. शाळेत विज्ञानाच्या तासाला मी नेमके हेच मुलांना सांगत आलो होतो. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र एका संध्याकाळी सीट, हवा आणि हँडल असे तिन्ही एकदम बदलून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सायकल आदल्या दिवसाहून वाईट चालली, आणि कशामुळे ते काही केल्या कळेना. तेव्हापासून जुनी वही काढून तारीखवार टिपणे ठेवू लागलो.

पहिली पाळी सीटची. दुकानात ती दिसायला चांगली म्हणून खाली ठेवलेली असते. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेले की पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. एवढे केल्यावर चढावर मांड्या भरून येणे निम्म्यावर आले. सीटचे नाक पुढे झुकले होते, त्यामुळे अंगाचा सारा भार हातांवर येत होता. ते सपाट केले आणि तळहातांचा बधिरपणा गेला. दोन्ही कामांना मिळून पाच मिनिटे आणि एक पाना. या पाच मिनिटांसाठी मी सायकल परत करायला निघालो होतो!

दुसरी पाळी हवेची. त्यासाठी धाराशिव लेण्यांची वाट धरली. शहराबाहेर सात-आठ किलोमीटरवर बालाघाटच्या कुशीत ही प्राचीन लेणी कोरलेली आहेत. शहराला आणि जिल्ह्याला धाराशिव हे नाव अधिकृतपणे २०२३ मध्ये मिळाले, लेणी मात्र ते आधीपासून मिरवत होती. या वाटेच्या आजूबाजूला डांबर, मुरूम, सुटे दगड असे सगळे नमुने मिळतात. दुकानदाराने टायरमध्ये ५५ पौंड हवा भरली होती. डांबरावर ती ठीक, पण दगडावर टायर दबायलाच तयार नसे, म्हणून ती उसळी. मी ४० वर आलो, सुधारणा दिसली. मग लोभ सुटला आणि थेट २८ वर गेलो. सायकल मऊ गादीसारखी चालू लागली, आणि एका टोकदार दगडावर फुस्स! टायर पार दबून दगड आणि रिम यांच्या चिमट्यात ट्यूब सापडली होती. तिला सापाने दंश केल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोके. तेथून घरापर्यंत पायी आलो. माझे वजन ७८ किलो. त्या वजनाला, त्या टायरला आणि या दगडांना पुढे ३४ आणि मागे ३७ पौंड मानवते, हा माझा शोध. तुमचे वजन वेगळे तर तुमचा आकडा वेगळा. कंपनी टायरवर कमाल-किमान मर्यादा छापते. त्यामधला नेमका आकडा ज्याने त्याने आपल्या वाटेवर शोधायचा असतो.

तेलाचा एक थेंब

तिसरी पाळी गिअरची. उडणाऱ्या गिअरचा मी फार धसका घेतला होता. चाचांनी सांगितले, नवी केबल सुरुवातीच्या काही दिवसांत जागेवर बसते आणि थोडी सैल पडते, मग चेन दोन चकत्यांच्या मध्ये घुटमळते. केबलच्या टोकाशी हाताने फिरवण्याची एक छोटी पोकळ चावी असते. ती पाव-पाव फेरा फिरवायची, पायडल मारून पाहायचे, पुन्हा पाव फेरा. तीन वेळा पाव फेरा फिरवला आणि कडकड थांबली. चाके मात्र महिनाभराने चाचांनी स्वतःच पाहिली. नव्या चाकाच्या ताराही थोड्या सैलावतात. एकेक तार चाचपत, फिरते चाक डोळ्यासमोर धरून त्यांनी आऊट काढला. ते काम माझ्या हातचे नाही, हेही कळायला हवे होते.

चौथी पाळी ब्रेकची, आणि ती सांगताना आजही लाज वाटते. ब्रेक किंचाळतो म्हणजे त्याला तेल हवे, असे मला वाटले. दाराची बिजागरी करकरली की आपण तेच करतो ना! सौ.च्या शिवणयंत्राची तेलाची बाटली घेतली आणि डिस्कवर चार थेंब सोडले. आवाज बंद. मी खूष. पुढच्या उतारावर ब्रेक दाबला, आणि आवाजाबरोबर ब्रेकही बंद झाला आहे हे कळले. सुदैवाने पुढे चढ होता आणि कडेला नांगरलेले रान; त्यात सायकल घातली आणि मातीत बसलो. चाचांनी कपाळावर हात मारला. डिस्क स्पिरिटने पुसली, तेल प्यालेले पॅड फेकून नवे घातले, आणि मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग घेऊन हळूहळू ब्रेक दाबायचा, चाक जाम होऊ द्यायचे नाही, असे वीस-पंचवीस वेळा करायला लावले. त्याने पॅड आणि डिस्क एकमेकांना घासून बसतात. किंचाळणे थांबले. मला हे आधी कोणी सांगितले नव्हते असेही नाही. सायकलीबरोबर आलेल्या पुस्तिकेत ते छापलेले होते. पुस्तिका मी हमीपत्राबरोबर कपाटात जपून ठेवली होती.

शेवटी फोर्क. आपण सायकलीवर शांत बसलो की तो त्याच्या एकूण दबण्याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका खाली बसावा. माझा फोर्क १०० मिलिमीटर दबतो, म्हणजे वीसेक मिलिमीटर. नळीवर दोरा बांधून मोजले तर जेमतेम आठ! म्हणजे धक्के गिळायला लावलेली वस्तू धक्के जसेच्या तसे माझ्या मनगटांकडे पाठवत होती. त्यातली हवा थोडी थोडी सोडली आणि दोरा विसावर आला. त्या दिवशी हातलाईच्या उतारावर पहिल्यांदा मला दगड कमी आणि समोरचा तलाव जास्त दिसला.

जुळवणीतूनच जन्मलेली

गंमत अशी की, माउंटन बाइक हा प्रकारच मुळी अशा खटपटीतून जन्मला. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, टॅमलपाइस नावाच्या डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्यापान्या, फुगीर टायरच्या सायकली घेऊन मातीच्या उतारांवरून सुसाट येत. त्या सायकलींचा ब्रेक पायडल उलटे मारून लागे. एका उतारातच मागचा हब एवढा तापे की त्यातले ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रिपॅक' पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. मग ज्याने त्याने आपापल्या सायकलीला गिअर लावले, मोटारसायकलचे ब्रेकदांडे लावले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी सांगाडाच बनवला, १९८१ पासून कारखान्यात अशा सायकली निघू लागल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्यांची शर्यत झाली. म्हणजे आज शोरूममध्ये काचेआड उभी असते ती सायकल मूळची भंगारातली आणि वाटेने शिकवलेली.

आपल्याकडेही हा वारसा नाही असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलीच्या दुकानाने झाली. ते सायकली विकत, दुरुस्त करत आणि लोकांना चालवायलाही शिकवत. आणि आमच्या भागाचेच उदाहरण द्यायचे तर बार्शी लाइट रेल्वेचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या रुळांवर जास्तीत जास्त माल कसा नेता येईल याचा विचार केला, इंजिनापासून डब्यापर्यंत प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही अशी आखणी केली, आणि १८९४ मध्ये इंग्लंडात लीड्सजवळ रूळ टाकून ही गाडी चालवून दाखवली. बार्शीची गाडी त्यानंतर, १८९७ मध्ये धावली. पुढे ती येडशीवरून १९११ मध्ये लातूरला पोचली आणि शतकभर या भागाची सेवा करून रुंद मार्गात विलीन झाली. आधी चाचणी, मग प्रवास, ही शिस्त आमच्या मुलखाला नवी नाही.

आणि तो दूधवाला? त्याची सायकल मी नंतर नीट पाहिली. मागच्या चाकाला जाड तारा, कॅरिअरला जोड दिलेली लोखंडी पट्टी, सीटखाली जुन्या ट्यूबचे वेटोळे, मडगार्ड पावसाळ्यात काढलेले. मडगार्ड का, हे मला जूनच्या पहिल्या पावसानंतर समजले. काळी माती टायरला चिकटून फोर्कच्या खाचेत अशी बसली की चाक फिरेना. काडीने खरवडत अर्धा तास गेला. सराट्यांचे आणि बाभळीचे काटेही असेच. कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत सराटा नसतो. तो आमच्या वाटेवर असतो आणि त्यावरचा उपाय त्या वाटेने रोज जाणाऱ्यालाच ठाऊक असतो. वाटेचे आणखीही काही कायदे असतात. उभ्या पिकातून जायचे नाही, मेंढरे आली की उतरून उभे राहायचे, आणि येडशीजवळच्या रामलिंगला गेलो तर अभयारण्यातल्या पायवाटांवर सायकल घालायची नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तेथल्या कॅमेऱ्यात थेट टिपेश्वरहून आलेला वाघ दिसला होता. त्याची वाट त्याला, आपली आपल्याला.

भिंतीला टेकलेली सायकल

हे सारे एका हौशी मास्तराचे कौतुक म्हणून सोडून देता आले असते. पण जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी लेण्यांकडून परतताना एका वस्तीजवळ दप्तर घेऊन पायी निघालेली मुलगी भेटली. सातवी-आठवीतली असेल. मागे तिच्या घराच्या भिंतीला सायकल टेकलेली दिसत होती. सहज विचारले, "अगं, सायकल असून चालत का निघालीस?" म्हणाली, "दादाची आहे, काका. पाय पुरत नाहीत. अन् ब्रेक लागत नाही." शाळा तीन किलोमीटरवर. तिच्या आईला विचारून सायकल पाहिली. सीटचा नट गंजलेला, तो तेल घालून सोडवला आणि सीट चार बोटे खाली घेतली. ब्रेकची केबल सुटून लोंबत होती, ती ओढून बांधली. हवा भरली. वीस मिनिटांचे काम. या वीस मिनिटांअभावी एक पोर रोज सहा किलोमीटर चालत होती. त्यानंतर दोन-तीनदा शाळेच्या वेळी त्या वस्तीवरून गेलो. भिंतीशी सायकल नव्हती.

म्हणून हे लिहावेसे वाटले. आपल्या घराघरांत काय चालते? वाढत्या अंगाचा युनिफॉर्म शिवावा तशी आपण मुलांना वाढत्या अंगाची सायकल घेतो. पोर दोन वर्षे चवड्यावर उभे राहून, घाबरत चालवते, आणि सायकल मापात येते तेव्हा तिला मोटारसायकल हवी असते. दुकानात गेलो की पुढे-मागे स्प्रिंगा, चकचकीत रंग पाहून भुलतो. स्वस्त सायकलीतल्या त्या स्प्रिंगा पुष्कळदा नुसते ओझे असतात. त्यापेक्षा हलकी, मापाची, साधी सायकल पोराला दूर नेते. मग ती पहिल्या पंक्चरला जिन्याखाली जाते आणि तिच्यावर जुनी रद्दी रचली जाते. दोष सायकलीला, नाहीतर पोराला : "एवढी घेऊन दिली, पण चालवतच नाही!"

पूर्वी हे ज्ञान आपोआप मिळे. तासाच्या भाड्याने सायकल आणायची म्हणजे आधी ब्रेक पाहायचा, हवा पाहायची, नाहीतर भांडण आपल्या गळ्यात. पंक्चर काढताना पाण्याच्या घमेल्याभोवती पोरे बसत आणि बुडबुडा कोठून येतो ते पाहत. वर्षातून एकदा ओव्हरऑयलिंग होई, छर्रे रॉकेलात धुतले जात. तो काळ परत आणा असे मी म्हणत नाही. त्या सायकली जड होत्या आणि रस्ते वाईट. पण त्याबरोबर हात काळे करण्याची सवयही गेली, ती जायला नको होती.

राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून गरजू शाळकरी मुलींना सायकली दिल्या जातात. हे फार चांगले काम आहे. माझे म्हणणे एवढेच की, शाळाशाळांत सायकलीबरोबर अर्धा दिवस शिकवणेही दिले जावे : सीट कशी लावायची, हवा किती, पंक्चर कसे काढायचे, ब्रेक कसा ओढायचा. एक पंप, दोन पाने आणि पंक्चरचे सामान शाळेच्या कपाटात असावे. गावोगावच्या मिस्त्रीला त्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन पाहुणा म्हणून बोलवावे. कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले पुष्कळ करून झाली. एक चाक उघडून बसवले तर काय बिघडेल? आणि ज्या घरांना कोणाच्या योजनेची गरज नाही, तेथे आई-वडिलांनी एक रविवार द्यावा. पोराला सायकलीवर बसवून त्याच्या गुडघ्याकडे पाहावे, मागचे चाक उचलून ते सरळ फिरते का ते पाहावे, ब्रेकचा दांडा हँडलला टेकतो का ते दाबून पाहावे. मग त्याच्या रोजच्या वाटेने त्याच्याबरोबर एकदा जावे. ती सायकल त्याला चालेल का, हे दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही.

आमची सायकल आता आवाज करत नाही. सीटच्या दांड्यावर माझ्या मापाची खूण म्हणून मी सौ.च्या नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढून ठेवली आहे. मे महिन्यात मुलगी पुण्याहून सुट्टीला आली, चार दिवस रोज पहाटे सायकल घेऊन गेली आणि परत निघाली. ती गेल्यावर मी सीट वर घ्यायला गेलो, तर माझ्या रेघेशेजारी, तिच्या मापाची, दुसरी एक बारीक रेघ होती. दूधवाला अजून भेटतो. आता तो चेनचे विचारत नाही; "आज कुठवर, सर?" एवढेच विचारतो आणि दोन कॅन घेऊन माझ्या पुढे निघून जातो.